गाडीतलं फायरचं नळकांडं: नव्याने घेणाऱ्यांनी अपघात कसे टाळायचे

खंबाटकीचा घाट उतरून आलेली एक गाडी मागे आमच्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली. दार उघडलं तसा आतून पिवळसर पांढरा भुगा खाली सांडला. चालवणाऱ्याच्या गालांवर भुकटीचा थर होता आणि त्यात डोळ्यांतल्या पाण्याने पडलेल्या दोन वाटा. मागच्या सीटवर सात-आठ वर्षांची मुलगी आईची ओढणी तोंडावर धरून खोकत होती. आग कुठेच लागलेली नव्हती. सीटमागे मोकळं ठेवलेलं आग विझवायचं एक किलोचं नळकांडं, त्याच्यावर तांदळाचं पोतं. वळणावर पोतं सरकलं आणि लीव्हर दाबली गेली. लीव्हर चुकून दाबली जाऊ नये म्हणून असलेली पिन त्यांनी घरीच काढून ठेवली होती, का तर ऐन वेळी शोधाशोध नको. दोन सेकंदांत समोरची काच दिसेनाशी झाली, म्हणाले. ब्रेकवर पाय ठेवला, इंडिकेटर लावला आणि अंदाजाने गाडी कडेला घेतली.

मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. पेटलेल्या गाड्याही दुरुस्तीला येतात, पण नळकांड्याने घात केलेल्या गाड्या मला जास्त वेळा दिसल्या आहेत. कुणाचं भर आगीत चाललं नाही, कुणाचं नको तेव्हा चाललं, कुणाची आग विझली पण भुकटीने इंजिन खाल्लं. यातलं बहुतेक सगळं टाळता येतं. नवी गाडी घेतलेल्या, स्कूलबस किंवा टेम्पोवर नव्याने लागलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

पायरी १: घेताना काय बघायचं

मोटारीसाठी एबीसी भुकटीचं, आयएसआय खूण आणि आयएस १५६८३ हा क्रमांक असलेलं नळकांडं घ्या. 'ए' म्हणजे कापड, फोम, प्लास्टिकसारख्या वस्तूंची आग, 'बी' म्हणजे पेट्रोल, डिझेल, ऑईल, आणि 'सी' म्हणजे गॅस. गाडीत हे तिन्ही असतं. एक किलोचं चालतं, पण जागा असेल तर दोन किलोचं घ्या. एक किलोचं पूर्ण दाबून धरलं तर आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं. घड्याळ लावून आठ सेकंद मोजून बघा, म्हणजे दोन किलोचा आग्रह का धरतोय ते कळेल.

कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं गाडीत नको. कचेरीतल्या विजेच्या पॅनेलला ते उत्तम, मागे काही राहत नाही. पण रस्त्यावरच्या वाऱ्यात तो वायू टिकत नाही, आणि बंद केबिनमध्ये सोडला तर माणसाचा श्वास कोंडतो. शिवाय बाहेर पडताना तो उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो. त्याचा वायू सोडणारा भोंगा उघड्या हाताने धरून तळव्याची कातडी चिकटल्याचे प्रकार होतात.

मागे काही न सोडणारं क्लीन एजंटचं नळकांडं महाग असतं. केबिनमधल्या आगीला चांगलं, बॉनेटखाली मात्र वाऱ्याने उडून जातं. स्प्रेच्या डब्यासारखे छोटे कॅन मी कुणाला सुचवत नाही.

पायरी २: कुठे आणि कसं बसवायचं

नळकांड्यात भुकटीवर नायट्रोजन भरलेला असतो, दाब साधारण १५ बार. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सहा-सातपट. अशी वस्तू गाडीत मोकळी लोळता कामा नये. चालकाच्या सीटखाली ठेवलेलं नळकांडं उतारावर गडगडत पुढे येतं आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकतं. मग पेडल खाली जातच नाही. टक्कर झालीच तर तेच नळकांडं डोक्याच्या उंचीवरून पुढे येतं.

पत्र्याचा पट्टा आणि ओढून उघडायची कडी असलेला ब्रॅकेट घ्या. प्लास्टिकचा ब्रॅकेट दोन उन्हाळ्यांत तडकतो. जागा चालकाच्या हाताला येईल अशी हवी. शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेला, सीटच्याच बोल्टवर बसणारी पट्टी मिळते, ती सगळ्यात बरी. डिकीत ठेवू नका. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही, आणि सीएनजी गाडीत टाकी तिथेच असते.

स्वतः ड्रिल घेऊन फरशीत भोक पाडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गालिच्याखाली एअरबॅगचं वायरिंग, इंधनाची नळी, काही गाड्यांत सीएनजीचा पाइप जातो. इलेक्ट्रिक गाडीत तर फरशीखाली बॅटरीच असते.

ऊन हा दुसरा शत्रू. बहुतेक नळकांड्यांवर वापराच्या तापमानाची वरची मर्यादा लिहिलेली असते, साधारण ५५ ते ६० अंश. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. म्हणून डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर नळकांडं कधीच नको. सीटजवळच्या सावलीत, ब्रॅकेटमध्येच ठेवा.

पायरी ३: महिन्यातून पाच मिनिटं

पगाराच्या दिवशी, टाकी भरायच्या दिवशी, काहीतरी ठरवून टाका.

दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, पण काट्यावरच विसंबू नका, तो अडकतो. मी एकदा काटा हिरव्यात असलेलं नळकांडं उघडलं, आत फुंकर मारण्याइतकाही दाब नव्हता. लेबलवर भरलेल्या नळकांड्याचं एकूण वजन दिलेलं असतं. वाण्याच्या वजनकाट्यावर ठेवून ताडून बघा. वजन बरोबर भरलं तर निदान भुकटी पूर्ण आहे हे कळतं.

पिन जागेवर, आणि तिच्यातलं प्लास्टिकचं बारीक सील शाबूत हवं. काही ठिकाणी भरून देताना सीलऐवजी वायरिंगचा जाड टाय किंवा लोखंडी तार आवळून देतात. ती हाताने तुटत नाही, पक्कड लागते. आगीसमोर पक्कड कुठून आणणार? असं दिसलं तर तिथेच काढायला लावा.

नोझलच्या तोंडात डोकावा. कुंभारीण माशी मातीचं घर करायला असंच भोक शोधते. गोठ्याजवळ, झाडाखाली उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टर-टेम्पोवर हे फार दिसतं. बाहेरून काही कळत नाही, काडी घातली की माती गळते.

मग नळकांडं ब्रॅकेटमधून काढून उलटं करा आणि कानाजवळ धरून हलवा. आत रेती सरकल्यासारखा आवाज आला पाहिजे. गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी भुकटी तळाशी दबून घट्ट बसते, आणि भुकटी वर आणणारी नळी तर तळापर्यंत गेलेली असते. मग लीव्हर दाबली की नुसता वायू फुस्स करून निघून जातो. दबलेली भुकटी मोकळी करायला उलटं धरून तळाला तळहाताने किंवा रबरी हातोडीने हलकेच ठोका. तरी आवाज आला नाही तर भरून घ्यायला द्या.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: 'चालतंय का बघू' म्हणून एक फवारा मारणं. नवं नळकांडं घरी आणलं की हा मोह होतोच. त्या अर्ध्या सेकंदात भुकटीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब हळूहळू निघून जातो. आठ-दहा दिवसांनी बघाल तर काटा शून्यावर. एकदा दाबलेलं नळकांडं, मग ते किती का थोडं दाबलेलं असेना, वापरलेलंच धरायचं.

पायरी ४: बॉनेटमधून धूर आला तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा आणि घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना वाचायला द्या.

आधी गाडी कडेला, इंजिन बंद, चावी पूर्ण ऑफ. हे पहिलं का, तर इग्निशन चालू असेपर्यंत इंधनाचा पंप आगीला पेट्रोल पुरवत राहतो. दुसरं कारण नंतर कळतं: चालू इंजिन हवा खेचत असतं, तुम्ही मारलेली भुकटीही ते खेचून घेतं.

मग सगळी माणसं खाली, रस्त्यापासून लांब, गाडीपासून निदान शंभर फूट. मूल सीटबेल्टमध्ये असताना नळकांड्याला हात लावायचा नाही. ११२ किंवा १०१ ला फोन एकाने करायचा, नळकांडं दुसऱ्याने घ्यायचं.

बॉनेट पूर्ण उघडू नका. मी पाहिलेल्या भाजलेल्या हातांपैकी बहुतेक इथे भाजलेत. झाकण वर गेलं की आतल्या कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळते आणि ज्वाळा थेट तोंडावर येते. केबिनमधला खटका ओढा, बॉनेट एक बोट वर येतं, तेवढंच बस. त्या फटीतून फवारा मारा. खटक्याची तार जळाली असेल आणि बॉनेट उठलंच नाही, तर पुढच्या जाळीतून किंवा चाकाच्या कमानीतून मारा. अगदी समोर उभे राहू नका, किंचित बाजूला राहा. काही गाड्यांच्या बॉनेटला वर धरणारे गॅसचे दांडे असतात. तापले की ते फुटून बाणासारखे सुटतात. टायरही फुटतात.

नळकांडं चालवण्याचे चार शब्द पाठ करून ठेवा: खेच, रोख, दाब, फिरव. पिन खेचायची, नोझल ज्वाळेच्या बुडावर रोखायचं, लीव्हर दाबायची, डावीकडून उजवीकडे फिरवत जायचं.

पहिल्याच शब्दावर माणसं अडकतात. घाबरलेला हात लीव्हर घट्ट आवळतो आणि दुसरा हात पिन ओढतो. लीव्हर आवळलेली असली की पिनवर तिचा भार येतो आणि पिन हलत नाही. मग माणूस आणखी जोराने आवळतो, पिन आणखी अडकते. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या स्कूलबसच्या चालकांना मी रिकामी नळकांडी दिली आणि घड्याळ लावलं. अकरा जणांपैकी चौघांना पिन निघाली नाही, आणि तिथे तर आगही नव्हती. उपाय साधा आहे. नळकांडं खालच्या दांडीने किंवा अंगाने धरा, लीव्हरवरचा हात सोडा, पिनला पीळ देऊन सील तोडा, पिन काढा, आणि मगच लीव्हर धरा. रिकाम्या नळकांड्यावर पाच वेळा केलं की हाताला लागतं.

वारा पाठीवर घ्या. सहा-सात फुटांवरून सुरू करा आणि आग दबेल तसे पुढे सरका. फार जवळून मारलं तर फवाऱ्याच्या जोराने पेटलेलं ऑईल उडून पसरतं. आणि सगळी भुकटी एकदम संपवू नका. भुकटी ज्वाळा मारते, पण लोखंड थंड करत नाही. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग, तापलेलाच असतो, त्यावर गळकी नळी ठिबकली की मिनिटाभरात पुन्हा भडका उडतो. म्हणून दोन-तीन सेकंदांचा फवारा हातात राखा, मागे सरका, पण आगीकडे पाठ करू नका.

पायरी ५: कधी हात लावायचा नाही

नळकांडं संपलं आणि आग आहे, तर तुमचं काम संपलं. गाडी जाऊ द्या. आग बॉनेटमधून डॅशबोर्डच्या आत शिरलेली दिसली तरी हेच.

सीएनजी गाडीत गळत्या गॅसची ज्वाळा दिसली तर ती विझवू नका, गॅस बंद करता येत असेल तरच पुढचं बघा. ज्वाळा विझली आणि गॅस वाहत राहिला तर तो साठतो आणि दुसऱ्या ठिणगीला स्फोट होतो. इग्निशन बंद केलं की टाकीवरचा विजेचा व्हॉल्व्ह मिटतो, ते पहिल्या क्षणीच झालेलं असावं. टाकी मागे असते, म्हणून मागच्या बाजूला कुणी थांबायचं नाही.

इलेक्ट्रिक गाडीची किंवा स्कूटरची बॅटरी पेटली तर भुकटीचा उपयोग नाही. आतल्या सेल एकमेकींना तापवत जातात, वरची ज्वाळा दबली तरी आतली उष्णता तशीच राहते, आणि काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते. तो धूरही विषारी असतो. लांब जा आणि अग्निशमन दलाला फोनवरच सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे.

बसवर काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस डाव्या अंगावर पडली होती, म्हणजे दरवाजा खाली दबलेला. वाचलेल्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले. अशा आगीत पाच किलोचं नळकांडंही काही करू शकत नाही. बसमध्ये नळकांड्याचं काम एवढंच, की मागचा दरवाजा आणि खिडक्या मोकळ्या होईपर्यंत वाट अडवणारी ज्वाळा दाबून धरायची. म्हणून नळकांडं तपासता त्याच दिवशी काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, संकटकालीन दरवाजाचं हँडल फिरतंय का आणि त्याच्यासमोर सामान रचलेलं नाही ना, हेही बघा. पासिंगच्या दिवशी उसनं नळकांडं लावून आणणाऱ्या मालकांना मी हात जोडून सांगतो: त्या बसमध्ये कुणाचं तरी लेकरू बसतं.

पायरी ६: आग विझली, आता भुकटीचं काय

लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि गाडी तशीच उभी ठेवतात. एबीसी भुकटी म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती हवेतला ओलावा ओढून घेते, ओली झाली की आम्लासारखी वागते आणि अॅल्युमिनियम, तांबं, कनेक्टरच्या पिना खायला लागते. तापलेल्या भागावर ती वितळून चिकट काचेसारखी बसते. कोकणात पावसाळ्यात तर चार दिवसांत कनेक्टर हिरवे पडलेले मी पाहिलेत. तेव्हा साफसफाई चोवीस तासांत सुरू झालीच पाहिजे.

विमा असेल तर आधी भरपूर फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि साफ करू का हे विचारून घ्या.

इंजिनाला स्टार्टर मारू नका. 'सुरू होतं का बघू' या एका वाक्याने भुकटी सिलिंडरमध्ये जाते आणि ती तिथे पॉलिश पेपरसारखी काम करते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टरच्या बाहेरच्याच अंगाला भुकटी असेल तर फिल्टर बदलून डबा पुसला की झालं. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूच्या पाइपमध्ये भुकटी दिसली तर गाडी टो करून मेकॅनिककडेच न्यायची.

इंजिनवर हवेची नळी आणि पाण्याचा प्रेशर पंप आधी नको. हवेने भुकटी कनेक्टरच्या आत आणि अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) पोटात ढकलली जाते, पाण्याने तिचा लगदा होतो. आधी व्हॅक्यूम, मग कोरडा मऊ ब्रश, पुन्हा व्हॅक्यूम. मास्क आणि चश्मा घालूनच. त्यानंतर चिकटून राहिलेल्या जागी कोमट पाण्यात खायचा सोडा विरघळवून ओल्या फडक्याने पुसा, सोड्याने आम्लपणा मरतो. मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. कनेक्टर एकेक सोडवून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. अल्टरनेटर उतरवून साफ करायला लागला तर हात आखडता घेऊ नका.

प्रत्यक्ष जळालेल्या भागाला उघडा हात लावू नका. काही रबरी सीलं आणि एसीचा वायू जळाल्यावर कातडी खाणारं आम्ल तयार होतं. जाड रबरी हातमोजे घाला.

केबिनमध्ये भुकटी उडाली असेल तर एसीचा ब्लोअर लावू नका, ती सगळ्या डक्टमध्ये जाते. दारं उघडा, व्हॅक्यूम करा, केबिन फिल्टर बदला. डोळ्यांत गेली असेल तर न चोळता वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. दमा असलेल्या माणसाला आणि लहान मुलाला, खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशीच्या मुलीला आम्ही आधी दवाखान्यात पाठवलं, गाडीला नंतर हात लावला.

पायरी ७: पुन्हा भरताना आणि टाकून देताना

भरणाऱ्याला विचारा की आत आधी कोणती भुकटी होती आणि आता कोणती भरणार. एबीसी भुकटी आम्लधर्मी, तर सोडा असलेली बीसी भुकटी उलट प्रकृतीची. जुनी नीट न काढता दुसरी वर टाकली आणि त्यात ओलावा असला, तर आत वायू तयार होतो, भुकटीचा दगड होतो आणि दाब वाढतो. तळाशी गंज किंवा पोचा असलेलं नळकांडं भरून घेऊ नका. दुकानदार 'चालतंय' म्हणाला तरी नको.

जुनं नळकांडं भंगारात तसंच देऊ नका. भंगारवाला त्यावर गॅस कटर किंवा छिन्नी चालवतो, आणि आत १५ बार दाब असू शकतो. भरून देणाऱ्या दुकानातच परत द्या. तसं दुकान जवळ नसेल तर मोकळ्या जागी, वारा पाठीवर घेऊन, तोंडाला फडकं बांधून नळकांडं उलटं धरा आणि लीव्हर दाबा. उलटं धरलं की नळीचं टोक भुकटीबाहेर राहतं, म्हणून बहुतेक वायूच बाहेर येतो आणि भुकटी थोडीच उडते. आवाज पूर्ण थांबला, काटा शून्यावर आला, तरी लीव्हर आणखी थोडा वेळ दाबून धरा. मग वरचा व्हॉल्व्ह सोडवून वेगळा करा, म्हणजे पुढे ज्याच्या हातात ते जाईल त्याला बघताक्षणी कळेल की ते रिकामं आहे.